शिवणीवरचा हात

कवडू मिस्त्रीच्या मांडवात पाच ड्रम उघडे बसलेत.
कातडं नाही, कड्या नाहीत,
नुसती शिवण, सोललेल्या रताळ्यासारखी फिकी.
धुऱ्यावरचं झाड. तीन वर्षांआधी वादळात पडलं,
दोन उन्हाळे आरामशीनच्या आडोशाला वाळलं,
आणि शंकरपटाच्या छकड्यांची चाकं वळवणाऱ्या माणसानं
पट्टीला पट्टी जोडून ते गोल केलं,
मोबाईलवर नागपूरच्या दुकानातला फोटो पाहत,
मध्येच म्हणत, "चाकच हाय जी हे, फक्त चालत नाही."

आता हात कोणता द्यायचा?

एका फळीवर त्यानं नमुने काढून ठेवलेत.
पहिला काळा ड्युको. हा कंपनीच्या मालकाचा,
पोस्टरवर उठून दिसतो म्हणे.
(पोस्टरवर मी कधी नसतो. हिरो, हिरॉईन, कॉमेडीवाला,
खाली मुंगीच्या अक्षरात: संगीत साथ.)
दुसरा चमकीचा लाल कागद,
ऑटोवाले सीटच्या मागे लावतात तसा.
तिसरी कुसुमाची लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली.
सात हात, प्रत्येक हातानंतर घासायचं,
शेवटी त्यात आपलेच दात दिसतात.
चौथं टोरीचं तेल. मिस्त्री स्वतःच हसला,
"मुंग्या येतीन नाटक पाहाले."
पाचवं जवसाचं, फळीच्या पार टोकाला,
फोडणीचा डाग पडलाय असं वाटावं इतकं साधं.

मी प्रत्येक पट्ट्यावर बोटानं ठोकून पाहिलं.
फरक नव्हता. किंवा मला ऐकू आला नाही,
वीस वर्षं स्पीकरच्या बाजूला बसलेला कान आहे.

आणि पाहणार कोण?
मी बसतो स्टेजसमोरच्या खड्ड्यात,
डावीकडे ऑर्गनवाला, वर पडद्याची दोरी.
तीन हजार माणसं माझ्या डोक्यावरून पाहतात.
पहिल्या रांगेतला खर्रा थुंकला जातो तो माझ्या बाजूला.
मालक म्हणतो, ऑक्टोपॅड घे, एका पिनवर सगळं येतं,
पाऊस, घोडा, बंदूक, थापड.

थापड.
ती मी देतो. दुसऱ्या अंकात
खलनायकाचा हात रत्नकलाच्या गालापासून वीतभर लांब थांबतो
आणि मी मधल्या ड्रमवर मारतो.
बाया पदर तोंडाला लावतात.
रत्नकला माझी बायको.
अकरा हंगाम झाले, दिवाळी ते होळी.

परवा ती मांडवात आली, वडशाहून, तालमीतून उठून,
तोंडाला खोबरेल, रंग अर्धा पुसलेला.
"मधला कोणता?" एवढंच विचारलं
आणि कच्च्या शिवणीवर तळहात टेकवला.
उचलला तेव्हा पाच बोटं तिथंच राहिली,
तेलाची, थोडी गुलाबी.
मिस्त्री घासकागद शोधायला लागला.
"घासतो जी, दोन मिंटाचं काम."
ड्युकोखाली तर घासायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, जवस.
मिस्त्री म्हणाला, डाग दिसन.
मी म्हटलं, दिसू दे.
(हे जरा नाटकातल्यासारखं झालं, मलाही कळलं.)
रत्नकला माझ्याकडे पाहतही नव्हती.
"आतून लाख मारा, मिस्त्री.
माघात दव पडते, लाकूड फुगते,
मग यायची थापड उशिरा येते
आन् मी येड्यावानी मान वळवून उभी."

तर आतून लाख, दोन हात.
बाहेरून जवस, जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं,
आठ दिवस, रोज थोडं.
डाग आत गेला, गडद झाला.
आता तो हात आहे हे सांगावं लागतं.

पहिला खेळ सिंदेवाहीकडं, मंडईच्या रात्री.
तेल पुरतं मुरलं नव्हतं,
पँटच्या गुडघ्याला वास लागला.
दुसरा अंक. खलनायकाचा हात उठला.
मी काठी उचलली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
खाली पाहिलं, मारतोय कुठं.

पहाटे टेम्पोत, गोधडीत,
ती गाल चोळत म्हणाली,
"आज आवाज चांगला होता."