ड्रॉवर एकेचाळीस

बोल्टनच्या म्युझियमचं तळघर.
डिलिस हातमोजे चढवते, ड्रॉवर ओढते.
आत वीतभर पक्षी,
लाकूड उंबराच्या भावकीतलं,
तोंड माणसाचं, काजळ अजून शाबूत.

"दिवसा उडायचा. रात्री आपल्या देहात परतायचा."
देह कुठाय?
"नोंद नाही."

शेजारच्या ग्रीक कुंभावर एक बाई,
कमरेखाली कोंबडीचे पाय,
कुणाच्या तरी थडग्यावर बसून गाते आहे.
तिला परतायचं नाही कुठे.

मी सांगते, आमच्याकडे नुसता कावळा.
चेहरा आम्हीच लावतो त्याला,
भाताकडे बघत, घाटावर,
मेलेल्याचं काय काय राहिलं ते आठवत.

आप्पांच्या वेळी तो फोनच्या काचेत होता,
मी इथल्या कारपार्कात, कोट न घालता.
तासभर फिरकेना.
शेवटी मनोहर ओरडला,
"अक्का येईल हो परत! कायमची!"
आणि शिवला.

अकरा वर्षं झाली.

डिलिस काही बोलत नाही, ब्रश पुढे करते.
पंखांवरची धूळ मी झाडते
वरून खाली, पिसांच्या ओळीने,
चेहऱ्याशी येऊन थांबते.

चोच नाही याला.
ओठ आहेत.
विचारू शकेल.