रुमालाखाली

भडगाव रोडवरचं शोरूम. बाहेर चव्वेचाळीस डिग्री,
आत फरशी इतकी चकचकीत
की सुपडूमामाने चपला दारातच काढल्या.
टोपी नाही काढली.

"मॅडम, स्कूटी दाखवू? हलकी आहे. गुलाबीसुद्धा आलीय."
मी म्हटलं, मागे अकरा किलोचा कॅन बांधायचाय,
नायट्रोजनचा. गाई भरवते मी,
कुऱ्हाड, लोहारा, शेंदुर्णी, फोन येईल तेव्हा.
पोरगा जरा लाजला. खिशावर नाव होतं, कल्पेश.
मग एकशे पंचवीसपाशी नेऊन
एका दमात पाढ्यासारखं म्हणाला,
एक लाख आठ हजार सातशे पन्नास, ऑनरोड.

जळगावचं कोटेशन पर्समध्ये घडी घालून होतं.
काढणार, तोच मामाचं कोपर बरगडीत.
"बोलस तो हारस."

मामाने चाळीस वर्षं वरखेडीच्या बाजारात
दुसऱ्यांचे बैल तिसऱ्यांना दिले.
रुमालाखाली हात, हातात बोटं,
आणि शेजारी उभ्या माणसाला
ऐकू येणार फक्त माश्या.

तो गाडीला मागून वळसा घालून आला.
दात नव्हते, म्हणून टायर पाहिला,
त्यावरचे रबराचे केस नखाने मोडून बघितले.
मग सीटवर तळहात ठेवला. एका अंगाला.
दुसऱ्या अंगाला.
"हाई कवयनी उभी शे?"
"परवाच उतरवली, आजोबा."
"मंग हाई बाजूना रंग कसा उडना?"

खरंच, काचेकडची कड फिकी होती,
उन्हात वाळत घातलेल्या परकरासारखी.
मी वाकून पट्टीवरचा महिना वाचला. नोव्हेंबर.
आणि वर आखाजीच्या ऑफरचा फुगा,
सुरकुतलेला, मे महिन्याच्या पंख्यात हलत.

मामाने खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला
आणि हात पुढे केला.
कल्पेशने तो दोन्ही हातांनी धरून हलवला.
"थँक्यू आजोबा, थँक्यू."
रुमालाखाली मामाची चार बोटं
तशीच दाबत राहिली, उत्तराची वाट बघत.
मला हसू आलं.
मग गाडीच्या आरशात स्वतःचं हसू दिसलं आणि ते गेलं.

"सरांना विचारून येतो."
सरांची केबिन काचेची. आत ओठ हलत होते,
बाहेर काही येत नव्हतं.
पहिल्या फेरीला दीड हजार सुटले.
दुसऱ्या फेरीला हेल्मेट आलं, तेही लहान मापाचं.
मामा बाकावर मांडी घालून पाहत होता.
"यास्ना रुमाल काचना शे," म्हणाला.

तेव्हा मी कोटेशन काढलं.
टेबलावर ठेवलं, घडी उलगडली, हात मागे घेतला.
एक लाख पाच. आणि शेजारी माझ्या पेनाने: नोव्हेंबर.
बोलले काहीच नाही.
फार अवघड गेलं ते. घसा कोरडा,
एसीचं पाणी कुठेतरी बादलीत पडतंय,
मोजायला लागले तर एकोणचाळीस थेंब.

एक लाख तीन हजार चारशे.
हँडलिंग चार्जवर आडवी रेघ.
"साडीगार्ड काढा," मी म्हटलं, "तिथे कॅरियर लावा."
पहिल्यांदाच कल्पेशने मान वर करून
माझ्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

मामाने टाकीवर थाप मारली आणि मागे बसला.
चौकात म्हणाला, अजून हजार सुटले असते.
"मग का नाही सोडवले?"
"त्या पोऱ्याले बी घर शे."

हिवरेच्या पुलावर त्याने पाय उचलून धरले.
सायलेन्सर तापला होता आणि पाय अनवाणी.

परत फिरलो.
चपला उंबऱ्यावर नव्हत्या.
कुणीतरी त्या खांबाच्या सावलीत सरकवल्या होत्या,
जोडीने, तोंडं रस्त्याकडे करून.
काचेआड कल्पेश दुसऱ्या कुणाला तरी
पाढा म्हणून दाखवत होता.