टंच

लाइट गेलेली बरी, म्हणायलेत हे,
बॅटरीचा करंट सरळ असतो.
तीन चौकोनी बॅटऱ्या, दोन क्लिपा,
बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल पाणी
माझ्या लोणच्याच्या बरणीत.
आणि माझ्याच वाळ्याची तार.

सेलूचा सराफ म्हणला होता,
टंच कमी आहे, तांबं उतरेल पाण्यात.
तर परत गाळून आणलं, शंभर नंबरी.
मला विचारायचं राहूनच गेलं.

तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस
बरणीपुढं मांडी घालून बसलाय,
मुंगीएवढा करंट राखत.
अंधार करून आडवी टॉर्च मारतात:
दिसायली का?
दिसायली. गिरणीच्या कवडशात
पीठ उडावं, तशी.

दोन चमचे सकाळी, दोन निजताना.
गुडघा होता तसाच.
सोळुंके डॉक्टर म्हणले, काका,
कातडी निळी पडते, परत उजळत नाही.
तेव्हापासून आधी उंबऱ्यात जाऊन
नखं बघतात,
मग पितात.

काल तार काट्यावर टाकली मी.
गुंजभर कमी.
कुठं गेली, म्हणलं.
पोटावर हात ठेवून हसले:
जाते कुठं? घरातच आहे की.

दुसरा वाळा
मी ज्वारीच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घालून
खाली दाबला.