बाजूला उभ्या असणाऱ्यांसाठी

कार्नार्व्हन सोडलं की डांबर संपतं.
फाटकापाशी फोन जमा करायचे,
पेट्रोलची गाडी तिथेच ठेवायची,
ठिणगीचाही इथे गोंगाट होतो म्हणून.
पुढे डिझेलची पिकअप, कारूची तांबडी माती,
आणि पांढऱ्या परातींची रांग
आभाळाला कान लावून बसलेली.

याकोमिना क्लूते त्यांचं वंगणपाणी बघते.
नोसिफोनं तिला जेवणाच्या टेबलावर
मीठदाणी आडवी धरून सांगितलं:
एक तारा आतल्या आत कोसळला,
दोन्ही टोकांनी झोत सुटले,
उजेडाच्या टाचेला टाच लावून पळणारे.
एवढ्या वेगात उजेड चहूकडे सांडत नाही गं,
समोरच्या चिंचोळ्या वाटेतच कोंबला जातो.
ज्यांच्यावर रोखलेला, त्यांचे डोळे दिपतात.
आपण बाजूला.
आपल्याला काळोख.

मग?

मग वाटेत वायू. विरळ,
बोराएवढ्या जागेत एखादा अणू.
पण झोत तोच रेटत, गोळा करत निघतो,
फावड्यापुढे माती साचत जावी तसा.
ओझं वाढतं, वेग उतरतो,
आणि वेग उतरला की उजेडाची मूठ सैल पडते.
पसरत पसरत तिची कड
एकशेदहाव्या दिवशी आपल्यापर्यंत आली.
मंगळवार होता. आलेखावर एक ठिपका
इतरांपेक्षा बोटभर वर.

"म्हणजे दमला, तेव्हा दिसला?"
"तसंच काहीसं." नोसिफोनं मीठदाणी उभी केली.
टेबलावर थोडं मीठ सांडलं होतं.

याकोमिनाला बाप आठवला.
एकतीस वर्षं मेंढ्यांचा ट्रक, डी आरच्या रस्त्यावर;
घराला ठाऊक फक्त वळणावरची धूळ
आणि दुसऱ्याच कुणावर पडलेले हेडलाइट.
आता गुडघे गेलेत. ओट्यावर बसून
संत्रं सोलतो, सालीची एकसंध दोरी काढतो,
आणि परवा विचारत होता,
तुझ्या त्या पराती रात्री ऐकतात तरी काय?

हे ती नोसिफोला सांगत नाही.
तारा तो तारा, गुडघा तो गुडघा.

ठिपका आता उतरणीला लागलाय.
अजून वर्षभर पुसट दिसेल म्हणतात,
मग खरखरीत मिसळून जाईल.

शनिवारी फाटकावर फोन परत मिळतो.
गावाअलीकडच्या चढावर रेंज येते:
बापाचे तीन मिस्ड कॉल. निरोप नाही.
ती पिकअप कडेला घेते,
इंजिन बंद करते.