एकोणऐंशी

मिरजेत, दवाखान्यामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
मला एक खोली मिळालीय, सकाळी आठ ते दहा.
निळ्या स्पंजाचा चौकोन, भिंतीवर काळा ठिपका,
आणि सरांचं जुनं स्टॉपवॉच.
फॉर्मवर छापलंय : वय अठरा ते पंचवीस, निरोगी.
उंची, वजन, पावलाची लांबी, काल रात्री किती झोप.
मग म्हणायचं, चप्पल काढा, एक पाय उचला, डोळे मिटा.

डोळे मिटले की घोटा बोलायला लागतो.
बुटात गप्प बसलेले बारीक स्नायू
एकमेकांना हाका मारतात : तिकडं धर, इकडं सोड.
बघणाऱ्याला वाटतं माणूस स्थिर उभा आहे.
स्थिर कुणीच नसतं.
पडता पडता सावरणं इतकं पटापट चालतं
की दिसत नाही, एवढंच.

कवठेपिरानचा रणधीर खोत आला,
कान मोडलेले, मान आणि खांद्यामध्ये जागाच नाही.
स्पंजावर उभा राहिला खांबासारखा.
चाळीस सेकंद. पन्नास. मला जांभई आली.
दुसऱ्या फेरीला म्हटलं, आता शंभरातून सात सात वजा करत या. मोठ्यानं.
"त्र्याण्णव." खांब.
"शहाऐंशी." खांबाला वारा लागला.
"एकोण..." आणि धप्प.
"आयला," खालूनच म्हणाला, "कुणी पाडलं ओ?"

पद्मल मगदूम यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते,
बोटांच्या पेरांत पिवळं अजून.
सुपातनं दाणे पडावेत तसे आकडे,
त्र्याण्णव शहाऐंशी एकोणऐंशी बहात्तर,
पण पाय आकड्यांच्या आधीच लटपटायचा.
नववीत असताना घोटा मुरगळला होता, जिन्यात.
बरा झाला म्हणाली.
घोट्याला विचारायचं राहिलं.

इंग्रजी शाळेतला आयुष म्हणाला, सेव्हंटी नाइन चालेल?
सरांना फोन केला. नाही, सगळ्यांना एकच भाषा.
तेव्हा लक्षात आलं,
एकोणऐंशी हा आकडाच एका पायावर उभा आहे.
राहतो सत्तरीत, नाव मात्र ऐंशीकडं बघून ठेवलेलं :
एक कमी, एवढीच ओळख.
तिथवर पोचायला मनात दोनदा वळावं लागतं,
आणि त्या वळणावर पायाकडं बघायला
आत कुणी उरत नाही.

अब्बांना जेवताना सांगितलं.
ते सतारीची जवारी घासतात तेव्हा दुकानात कुणी बोलायचं नसतं.
कानस केसाएवढी फिरते, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा कानस.
लहानपणी मी मध्येच दुधाचे पैसे मागितले होते,
एक घोडी वाया गेली.
"एवढ्यासाठी कॉलेज लागलं तुला?" म्हणाले,
आणि आमटी वाढून घेतली.

मग गुरुवारी तेजल सूर्यवंशी.
झोप आठ तास, घोटा चांगला, दुखापत कधीच नाही.
चार सेकंदांत पडली.
मी अजून एकही आकडा दिला नव्हता.
ती आधीपासूनच काहीतरी मोजत होती.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.
पाणी दिलं. खिडकीतून रेल्वेचा भोंगा आला.
"परत उभी राहू?" तिनं विचारलं.
तिसऱ्या वेळी अकरा.

रात्री गच्चीवर मी स्वतःलाच उभं केलं.
डोळे मिटले. खालच्या गल्लीत कुणीतरी अजून तार जुळवत होतं,
जरा वर, जरा खाली.
तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन.
दोनातून सात जात नाहीत.
तरी मी उभीच होते,
बंद म्हणायला कुणी नव्हतं.
डोळे उघडले तर स्टॉपवॉच हातात,
सुरूच केलं नव्हतं.