अंक सत्तेचाळीस

पोळ्यापासूनच आम्हाला ठाऊक होतं
की उल्काधर मरणार.
नागभीडच्या स्टँडवर धनपाल रामटेकेनं
पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहून टांगलं होतं,
'अंक सत्तेचाळीस. महानायकाचा अंत.
आजच नाव नोंदवा.'

नोंदवलं. अकरा जण, एक प्रत,
डोईमागं चार आणे.
मरणार हे पक्कं, कसा तेवढंच उरलेलं.
पुरुषोत्तम म्हणे, विषानं.
मी म्हणे, उंचावरून पडून.
त्याच्या मरणावर आम्ही चिंचोके लावले,
दोन खिसे भरून.

गठ्ठा यायचा नागपूरच्या एसटीनं
आणि कंडक्टर कवडू गहाणे
उमरेड सुटलं की सुतळी सैल करायचा.
भिवापूरच्या चहावाल्याला कळलं,
वाटेतल्या दोन फाट्यांना कळलं,
आमच्या फाट्यावर तर पायरीवरूनच ओरडला,
"मेला बे तुमचा! भावानंच मारला!"

चिंचोके कोणीच जिंकलं नाही.

शिंगाड्यांची टोपली घेऊन ठेमाबाई उभी होती.
"कोन मेला गा?"
"उल्काधर."
"कोन्या गावचा?"
आम्ही हसलो. ती नाही हसली.
"लेकरं हायेत का त्याले?"

सत्तेचाळीस अंकांत
हे कुठंच छापलेलं नव्हतं.

टोपली खाली टेकवून
तिनं डोक्यावर पदर ओढला,
जरा थांबली.
कवडूनं घंटीची दोरी ओढली नाही तोवर.
मग शिंगाडे आधी चढले, मागून ती.

शिमग्याला नवा पुठ्ठा लागला, 'तो परतला!'
नवा पोशाख, खांद्यावर सोनेरी पट्टा,
मारणारा भाऊ म्हणे भाऊच नव्हता.
अकरातल्या सहा जणांनीच पैसे दिले.
पुरुषोत्तम म्हणाला, आता मेला तरी मी येत नाही.

बाजारात ठेमाबाई सुके झिंगे घेऊन बसलेली.
म्हटलं, "मावशी, थो जित्ता हाये. उल्काधर."
वाटलं विसरली असेल.
"बरं झालं," म्हणाली,
मापातले झिंगे हातानं सारखे करत,
"त्याच्या मायले सांगतलं का कोनी?"

मी तिथंच अंक उघडून पाहिला.
माय नव्हती.
शेवटच्या पानावर
पुढच्या मरणाची जाहिरात होती, चार रंगांत,
तारखेसकट.

बांधायला कागद नव्हता तिच्याकडं.
प्रत सहा जणांची होती,
तरी फाडलं ते पान.