टोकाकडचा हिवाळा

कुताइसीत, रिओनीच्या वरच्या अंगाला,
सोव्हिएत काळातली इमारत. लिफ्टला नाणं टाकावं लागतं,
माझ्याकडे नाणं नव्हतं. पाच मजले चढले
कात्री, लाल दोरा आणि चांदीचा कागद घेऊन.

प्रश्नावली लामझिरानंच भरली.
घरात कोणी सिगारेट ओढतं? नाही.
बाल्कनीत? कधीमधी. पाहुणे आले तर.
मी काही म्हटलं नाही.
कागदाला लाज असते, केसाला नसते.

टेक्ला सात वर्षांची. ऑक्टोबरात उवा झाल्या
म्हणून डोकं बारीक केलेलं, आता एप्रिल,
मानेवर जेमतेम सहा सेंटिमीटर.
पेन्सिलीएवढी बट मुळाशी कापली,
मुळाच्या बाजूला दोरा बांधला.
“महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो,” मी सांगितलं,
“त्या महिन्यात घरात काय होतं ते त्यात राहतं.”
“सगळं?”
“नाही गं. फक्त धूर.”

प्रयोगशाळेत बटेचे सहा तुकडे.
धुतले, कारण वरून बसलेला धूर आम्हाला नको,
रक्तातून मुळाशी पोचलेला हवा.
मग भुकटी, मग यंत्र, मग आकडे, नॅनोग्रामात:
टोकाला दोन. पुढे तीन.
डिसेंबर नऊ.
जानेवारी अकरा.
फेब्रुवारी जवळजवळ काही नाही.
मार्च: यंत्राला दिसत नाही इतकं कमी.

नमुने बदलले असतील म्हणून पुन्हा केलं.
तेच आलं.

जूनमध्ये निकाल सांगायला फोन केला.
लामझिरा बराच वेळ गप्प. मागे कुकरची शिट्टी नाही, नळ नाही,
काहीच नाही.
मग म्हणाली, “हीटर बिघडला होता. खिडक्या बंद.
बादरी रात्रभर स्वयंपाकघरात बसायचा,
एकामागून एक ओढायचा,
पोरगी मांडीवर, समोर पोलंडचा नकाशा.
तीस जानेवारीला बस होती.”
“आता कुठे असतात?”
“गोदामात. वूचला. फोन करतो रविवारी.
म्हणजे आता ती बरी आहे ना?”
“हो,” मी म्हटलं. “आता बरी आहे.”

तक्त्यात ‘सुधारणा’ असा रकाना आहे.
मी तिथं खूण केली. दुसरा रकाना नव्हता.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली,
“एक विचारू? केस वाढलेत, डोळ्यांत येतात,
पण टोकांना कात्री लावू देत नाही.
म्हणते, तिथं अजून हिवाळा आहे.”